आजीचे आयुष्य लिहून ठेवायचे असेल तर

घरात ऐंशी-नव्वदीची आजी असली की तिचे कुणीतरी लिहून ठेवायला हवे, असे दर दिवाळीला कुणीतरी म्हणते आणि फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत विसरूनही जाते. पुढे ती गेली की घाईघाईने अर्धे पान लिहिले जाते आणि त्या अर्ध्या पानात 'प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, सर्वांना जीव लावणारी' एवढीच बाई उरते; ती कुठल्याही गावातल्या कुणाचीही आजी असू शकते. सातारा जिल्ह्यातल्या वाईला जिचा सगळा संसार झाला, त्या माझ्या आजीचे आयुष्य मी २०२१ ते २०२३ या काळात तिच्याकडूनच ऐकून लिहिले. त्या कामात झालेल्या चुका आणि उपयोगी पडलेल्या युक्त्या इथे मांडते आहे. त्यांतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगते: आजी आपले आयुष्य सनावळीने मोजत नाही. तिचे मोजमाप सणांचे, बाळंतपणांचे, दुष्काळांचे आणि धोंड्याच्या महिन्यांचे असते. ते मोजमाप तसेच ठेवून त्याच्या शेजारी आपले सन लिहीत जाणे, हे लिहिणाऱ्याचे पहिले काम.

बसायचे कधी आणि कसे

माझी पहिली बैठक चार मिनिटांत संपली. आजीसमोर वही उघडून मी म्हटले, "आजी, तुझ्या आयुष्याबद्दल सांग ना." ती म्हणाली, "काय सांगायचं, संसार केला," आणि चहा टाकायला उठली. दुसऱ्या खेपेला ती दुपारी लसूण सोलत बसली होती, मी शेजारी बसून सोलायला लागले, आणि काही न विचारता सासरच्या पहिल्या वर्षातल्या हळदीच्या वखारीची हकिकत निघाली. वखारीत हळकुंडे निवडायला बसलेल्या बायकांची बोटे पिवळी होत आणि त्या बोटांनी भाकरी मोडली की तिलाही हळदीचा वास येई, असे ती सांगत होती. हात कामात असले की बोलणे आपोआप चालते, म्हणून वाती वळणे, शेंगा फोडणे, तांदूळ निवडणे असे बसून करायचे काम समोर ठेवावे आणि आपणही त्यात हात घालावा.

वेळ दुपारच्या झोपेनंतरची चांगली. एका वेळी अर्धा-पाऊण तास पुरे होतो. त्यानंतर आजी थकते, आणि थकलेली आजी आपल्याला बरे वाटावे म्हणून 'हो, हो' म्हणू लागते, जे अजिबात उपयोगाचे नसते. ज्या कानाने नीट ऐकू येते त्या बाजूला बसावे. फोनवर आवाज मुद्रित करायचा असेल तर तिला तसे उघड सांगावे, फोन विमान मोडवर टाकावा, पंखा बंद करावा आणि फोन स्टीलच्या ताटाजवळ किंवा उघड्या फरशीवर न ठेवता घडी घातलेल्या पंचावर, तिच्यापासून दीड-दोन वितींवर ठेवावा. प्रत्येक फाइलला त्याच दिवशी तारीख आणि विषय असे नाव द्यावे. 'रेकॉर्डिंग १७' नावाच्या फाइलमध्ये काय आहे ते सहा महिन्यांनी कुणालाही सांगता येत नाही, मला तर दोन आठवड्यांनीही सांगता आले नाही. शिवाय फायलींच्या प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात, कारण फोन हरवतात आणि बादलीतही पडतात. माझा पडला होता, आणि त्यात गेलेल्या तीन दुपारी आजीने पुन्हा सांगितल्या खऱ्या, पण वेगळ्या सांगितल्या.

तिचा काळ आणि आपले सन

'हे कोणत्या साली झाले?' हा प्रश्न शक्यतो विचारू नये. त्याने आजी ओशाळते आणि मनाला येईल तो आकडा सांगते. त्याऐवजी 'तेव्हा पोटी कोण होते?', 'तेव्हा चूल होती की स्टोव्ह?', 'तेव्हा आण्यात मोजत होते की पैशांत?' असे विचारावे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून सुरू झाली आणि सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. जुनी नाणी पुढे काही काळ चालत राहिली, तरी 'नवा पैसा' हा शब्द तिच्या बोलण्यात आला की आपण त्या सुमारास आहोत हे कळते. शेर आणि पायलीच्या जागी किलो आला तोही त्याच वेळचा बदल. मेट्रिक वजनमापे ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली. तांबडी मिलो ज्वारी, सुकडी आणि खडी फोडण्याची कामे आली की १९७२ चा दुष्काळ समजावा.

पश्चिम महाराष्ट्रातल्या आज्यांकडे काळाची आणखी एक पक्की खूण असते, ती कोयनेच्या भूकंपाची. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे चारच्या पुढे तो झाला. आमच्या घरातल्या मांडणीवरची भांडी खाली आली आणि आजीने धाकट्या आत्याला पाळण्यातून उचलून अंगणात धाव घेतली. त्या वेळी आत्या "अजून दीड वर्षाची व्हायची होती" असे आजीचे म्हणणे, आणि आत्या धोंड्यातली, म्हणजे अधिक महिन्यात जन्मलेली, असेही ती सांगे. १९६६ साली जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत अधिक श्रावण होता. त्यावरून हिशेब केला तर भूकंपाच्या दिवशी आत्या सोळा-सतरा महिन्यांची येते. दोन वेगळ्या दुपारी सांगितलेल्या दोन गोष्टी एकमेकींशी अशा जुळल्या की स्मरणशक्तीवर शंका घेणाऱ्यांना गप्प करता येते. आमच्याकडे ते काम मला माझ्या वडिलांच्या बाबतीत करावे लागले.

धोंड्याच्या महिन्याचा असा उपयोग फार मोठा आहे. अधिक मास साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येतो, आणि तोच महिना अधिक होण्याची पाळी बऱ्याचदा एकोणीस वर्षांनी फिरून येते. अधिक श्रावण १९४७, १९६६, १९८५, २००४ आणि २०२३ या वर्षी आला. आजी म्हणाली होती, "झेंडा लागला तेव्हा धोंडा होता, आणि तो माझ्या लग्नानंतरचा पहिलाच धोंडा. मी माहेरी भुईंजला होते." १५ ऑगस्ट १९४७ हा दिवस खरोखरच अधिक श्रावणातला, वद्य चतुर्दशीचा. लग्नानंतरचा पहिला धोंडा म्हणजे लग्न त्याआधीच्या पावणेतीन वर्षांतले, एवढे एका वाक्यावरून निघाले. पुढे तिने "लग्नात आंबे होते आणि त्याच पावसाळ्यात झेंडा" असे सांगितल्यावर १९४७ चा उन्हाळा पक्का झाला, आणि लग्नपत्रिका सापडण्याची वाट पाहावी लागली नाही.

जन्म मात्र शकात सांगितलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे बहुतेकांना माहीत असते. पण शक गुढीपाडव्याला बदलतो आणि इसवी सन जानेवारीत, त्यामुळे १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथींना ७९ मिळवावे लागतात. माझ्या आजीच्या माहेरच्या वहीत तिचा जन्म पौष महिना, शके १८५३ असा होता. मी ७८ मिळवून १९३१ लिहून टाकले आणि वर्षभर तेच धरून चालले. तो जानेवारी १९३२ च्या सुमाराचा पौष होता, हे पंचांग पाहणाऱ्या शेजारच्या काकांनी दाखवून दिले.

हाताचे माप

पाककृतींकडे लोक फार हलकेपणाने पाहतात, 'आजीचे पदार्थ' असे शेवटचे एक पान करून टाकतात. माझ्या अनुभवात आजीच्या आयुष्याचा सर्वांत तपशीलवार भाग तिथेच असतो, फक्त तो तोंडी विचारून मिळत नाही. "अनारशाला गूळ किती?" या प्रश्नाला "अंदाजाने" हेच उत्तर येणार. तिला करायला बसवावे आणि परातीखाली स्वयंपाकघरातला वजनकाटा ठेवावा.

आम्ही असे केले. तांदूळ तीन दिवस भिजत घातले, रोज पाणी बदलले, चौथ्या दिवशी निथळून धुतलेल्या पंचावर सावलीत वाळवले, हाताला दमट लागत असतानाच दळून बारीक चाळणीने चाळले. गूळ किसून तिने मुठीने घातला, आणि प्रत्येक मूठ घातली की मी काटा वाचत होते: ४१, ४३, ४२ ग्रॅम. नव्वदीला आलेल्या बाईची मूठ दोन ग्रॅमहून अधिक हलत नव्हती. काटा वाचण्याच्या नादात मात्र एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटत होती, ती माझ्या बहिणीने काढलेल्या चित्रफितीत दिसली: प्रत्येक मुठीनंतर आजी अंगठ्याने पीठ दाबून त्यावर उठलेला ठसा पाहत होती आणि तो ठसा ज्या क्षणी चिरेनासा झाला त्या क्षणी ती थांबली. अनारसा खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडायचा, उलटायचा नाही, वरून झाऱ्याने तूप उडवत राहायचे, आणि पीठ बिघडलेले असेल तर तो तुपात विरघळून पसरतो, त्याला 'अनारसा हसला' म्हणायचे, हेही तिने करता करताच सांगितले. म्हणून वजनाबरोबर हातांची चित्रफीत घ्यावी, आणि चेहरा नाही आला तरी चालेल, पण हात चौकटीबाहेर जाऊ देऊ नयेत.

ओव्यांचेही असेच आहे. जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासकांच्या प्रयत्नांतून गोळा झाल्या, त्या सांगणाऱ्या बाया अशाच घरोघरच्या आज्या होत्या. 'ओवी म्हणून दाखव' म्हटले की आजीला एकही आठवत नाही. आमच्या अडगळीतल्या जात्याचा खुंटा तिच्या हातात दिला तेव्हा अकरा आठवल्या, आणि त्यांतल्या दोन ओव्या नणंदेवरच्या होत्या, त्या छापू नकोस असे तिने लगेच बजावले.

कागद कुठे शोधायचे

बाईचे कागद कमी असतात आणि ते वेगवेगळ्या नावांनी असतात, ही यातली खरी अडचण आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहिले की माहेरचे नाव कागदांवरून पुसले जाते. म्हणून सुरुवातीलाच माहेरचे नाव, सासरचे नाव, घरात हाक मारायचे नाव आणि आळीतले नाव अशी चारही नावे लिहून घ्यावीत. गणपती आळीत माझ्या आजीला सगळे 'वहिनी' म्हणत आणि तिचे खरे नाव शेजारच्या घरातल्या कुणालाच सांगता आले नाही.

शिकलेली असेल तर माहेरच्या मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये तिची नोंद सापडू शकते. तिथली जन्मतारीख मात्र जपून घ्यावी: तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकून मोकळे होत, त्यामुळे महाराष्ट्रात एका पिढीचे अर्धे वाढदिवस १ जूनला येतात की काय असे वाटते. माझ्या आजीच्या दाखल्यावर १ जून १९३० आहे, म्हणजे तिला दीड वर्षाने मोठी करून शाळेत घातली. जन्म-मृत्यूच्या नोंदी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत असतात. जुन्या नोंदी मोडीत असल्या तर मोडी वाचणारा माणूस गाठावा. घर किंवा जमीन असेल तर वारसाच्या फेरफारात बायकांची नावे येतात, आणि हक्कसोड केलेली असेल तर तीही तिथे दिसते. तो फेरफार आजीला वाचून दाखवण्यापूर्वी घरात कोण कोण बसले आहे ते पाहावे.

फोटोंचे थोडक्यात सांगते. जुन्या आल्बममध्ये चिकटलेले फोटो ओढून काढू नयेत, दाराजवळच्या उजेडात फ्लॅश बंद करून त्यांचेच फोटो घ्यावेत, मागे लिहायचे तर मऊ पेन्सिलीने कडेला लिहावे आणि चिकटपट्टी अजिबात लावू नये. फोटोत कोण आहे हे सगळेच विचारतात. फोटोत कोण नाही आणि का नाही, हेही विचारावे. आमच्या एका घरगुती फोटोत आजी नाही, कारण चहा करायला ती आत होती. त्या फोटोतल्या कपबशा मात्र तिच्या हातच्या विसळलेल्या आहेत, असे ती हसून म्हणाली.

न सांगितलेले

"तुला मुले किती?" असे विचारले की आजी पाच म्हणे. एका दुपारी मी "बाळंतपणे किती झाली?" असे विचारले, तेव्हा ती बोटांवर मोजत सातवर गेली, मग थोडा वेळ गप्प राहिली आणि लसणाची पाकळी पुन्हा हातात घेतली. त्या दोघांची नावे ठेवलेली होती. ती नावे माझ्या वडिलांनाही माहीत नव्हती. असे काही निघाले तर लगेच पुढचा प्रश्न विचारू नये, मुद्रण बंद करू का एवढे विचारावे, आणि ते छापायचे की नाही हे तिच्यावर सोडावे. माझ्या आजीने नावे छापायला सांगितली, पण कारणे छापू दिली नाहीत, आणि तशीच ती छापली आहेत.

असे प्रश्न मुलगे आणि सुना समोर असताना विचारू नयेत, कारण त्यांच्यासमोर आजी फक्त आईची किंवा सासूची भूमिका करते. गावाच्या दुखऱ्या आठवणींनाही हेच लागू आहे. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाल्यावर सातारा जिल्ह्यात जी जाळपोळ झाली, तिच्याबद्दल बोलताना जुनी माणसे अजूनही आवाज खाली आणतात. कोणाचे घर जळाले आणि कोणी कोणाला आसरा दिला हे आजी सांगेल, पण नावे लिहिताना त्यांची नातवंडे त्याच आळीत राहतात याचे भान ठेवावे. दोन आठवणी जुळत नसतील तर खरी कोणती याचा निकाल लावत बसू नये. 'काकांच्या आठवणीप्रमाणे असे, आजीच्या आठवणीप्रमाणे असे' असे दोन्ही लिहावे.

मांडणी

जन्म, शिक्षण, विवाह, अपत्ये, निधन हा क्रम सरकारी अर्जाला ठीक आहे. मी तो क्रम धरून पहिली चाळीस पाने लिहिली आणि ती इतकी निर्जीव झाली की फाडावी लागली. मग आजीच्या एका वाक्यावरून मांडणी सुचली: "चुलीवर दोन पोरं झाली, शेगडीवर दोन, स्टोव्हवर तीन, आणि गॅस आला तेव्हा सगळी शाळेत." चूल, भुश्याची शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह आणि गॅस अशी चार प्रकरणे केली. प्रत्येक प्रकरणात त्या वेळचे घर, माणसे, पाणी कुठून येई, धुणे कृष्णेच्या कोणत्या घाटावर जाई, कृष्णाबाईच्या उत्सवाला आपल्या आळीत किती पाने उठत, हे सगळे आपोआप बसले. आपल्या आजीची मांडणी चुलींची नसेल, ती घरांची असेल, शिवणयंत्रांची असेल, गाई-म्हशींची असेल; ती तिच्याच एखाद्या वाक्यात दडलेली असते.

भाषा तिचीच ठेवावी. ती 'व्हतं' म्हणत असेल तर अवतरणात 'व्हतं'च लिहावे, आपले निवेदन खुशाल प्रमाण मराठीत करावे. विशेषणे शेवटी एकदा तपासून काढून टाकावीत: 'काटकसरी होती' असे लिहिण्यापेक्षा ती दुधाची पिशवी कापून, धुऊन, वाळवून तिच्यात कढीपत्ता ठेवी, असे लिहावे. लिखाण फार लांबवू नये. चाळीस-पन्नास पाने पुष्कळ झाली. ज्या गावात मराठी विश्वकोशाचे काम झाले आणि ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्या गावात राहून मला सुरुवातीला वीस खंडांची हाव सुटली होती, हे कबूल करते. अक्षर मात्र मोठे ठेवावे, म्हणजे आजीला स्वतःला वाचता येईल, आणि पानाला रुंद समास सोडावा, म्हणजे तिच्या दुरुस्त्या लिहिता येतील.

आजी आधीच गेली असेल तर काम अवघड होते, पण संपत नाही. तेराव्याला किंवा वर्षश्राद्धाला सगळे जमतात तेव्हा 'आजी कशी होती' असे न विचारता प्रत्येकाला 'ती तुला शेवटचे कशावरून रागावली?' असे विचारावे. त्यातून खरी माणसे आणि खरे प्रसंग निघतात. तिच्या बरोबरीची शेजारीण, भिशीतल्या बायका, दारावर येणारी भाजीवाली यांच्याकडे लवकर जावे, कारण त्याही त्याच वयाच्या आहेत. तिची ट्रंक आवरण्यापूर्वी आतल्या वस्तू ज्या क्रमाने ठेवल्या आहेत त्या क्रमाने त्यांचे फोटो घ्यावेत. ती काय तळाशी ठेवत होती, तेही लिहिण्यासारखे असते.

शेवटची पायरी वाचून दाखवण्याची. छापण्यापूर्वी सगळे तिला मोठ्याने वाचून दाखवावे आणि त्यासाठी तीन-चार दुपारी राखून ठेवाव्यात. माझे वाचन २०२३ च्या अधिक श्रावणात झाले. आजी डोळे मिटून ऐकत होती, मधूनच 'हं' म्हणत होती. १९४७ च्या धोंड्याच्या पानावर मी लिहिले होते की भुईंजला तिच्या आईने जावयाला चांदीच्या वाटीतून तेहेतीस अनारसे दिले, तिथे तिने डोळे उघडले. "बत्तीस," ती म्हणाली. "एक हसला होता. पीठ संपलं होतं, मग आईनं मधे एक बत्तासा ठेवला आणि मला म्हणाली, कुणाला सांगू नकोस." ते मी समासात पेन्सिलीने लिहून घेतले आणि छापताना आकडा बदलला.